देवीचं नाणं

वैजनाथ ढोकी ते धाराशिव काळी-पिवळी चालवायचा आणि गेल्या दिवाळीपासून त्याला नाण्यांचा नाद लागला होता. मोबाईलवर कुणीतरी सांगितलं, की चिल्लर नीट बघत जा, सालाखाली चांदणी असली तर नाणं हैदराबादच्या टांकसाळीतलं. झालं. तेव्हापासून भाडं हातात पडलं, की हा गडी आधी नाणं उलटंपालटं करणार आणि मग गाडीला हात लावणार. मागं बसलेली माणसं उन्हात उकडून निघाली तरी ह्याचं आपलं चाललेलं.

आपल्याकडं दहाचं नाणं घ्यायला दुकानदार कुरकुरतात. वैजनाथ मात्र हसत घेतो, ही बातमी स्टँडवर पसरायला वेळ लागला नाही. घरोघरचे डबे उपडे होऊन त्याच्या जीपमध्ये आले. त्यातून निवडून निवडून त्यानं अल्बम भरला. नाणी विकून लखपती व्हायच्या गप्पांना तो भुलला नाही, विकायचं त्याच्या मनातच नव्हतं. त्याला हवं होतं फक्त वैष्णोदेवीचं दहाचं नाणं. पहिल्या पानावरचा मधला कप्पा त्यानं तिच्यासाठी राखून ठेवला होता, आणि तो रिकामा दिसला की त्याला घास गोड लागत नसे. त्याची बायको वर्षाराणी म्हणायची, एवढं निरखून माझ्या तोंडाकडं बघितलं असतंत तर माझ्या जन्माचं सोनं झालं असतं.

एका संध्याकाळी त्याच्याच लाईनवर गाडी चालवणारा गोरोबा चहाला आला. एवढी चिल्लर हाताखालून गेली, देवी तेवढी कशी येत नाही, हे रडगाणं वैजनाथनं त्याच्यापुढंही गायलं. गोरोबानं बशीतला चहा संपवला.

"येड्या, देवीचं नाणं हातात आलं तर आपल्यात कोण खर्चंल? त्ये सरळ देवघरात जातंय."

वैजनाथनं कप तसाच खाली ठेवला. आतल्या खोलीत त्याच्या आईचं, धुरपताबाईचं देवघर होतं. तिथं टाकांच्या रांगेत कडेला एक गोल काहीतरी होतं, हळदीकुंकवानं पार लिंपलेलं. तोही एखादा टाकच असेल, असं समजून तो आजवर नुसता हात जोडत आला होता. गोरोबाला वाटेला लावून तो आत गेला. धुरपताबाई वाती वळत होती. हा कुठल्या देवाचा टाक, असं त्यानं विचारलं. तिनं मान वर न करता सांगितलं, की टाक नव्हे, नाणं आहे, देवी आहे त्याच्यावर. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

नाणं कधी धुवायचं नसतं, हा पहिलाच धडा तो विसरला. तांब्याखाली धरून त्यानं कुंकू धुतलं. एका बाजूला सिंह निघाले. दुसरी बाजू सपाट होती. रोजच्या राखेनं आणि आईच्या अंगठ्यानं देवीचा मुखडा पुसून गेला होता. वैजनाथला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

"कायच दिसंना की गं हिच्यावर."

धुरपताबाईनं नाणं समईच्या उजेडात धरलं.

"मला तर दिसतीय की. तू पयल्यांदा गाडी चालवून आलास, तवा माज्या हातावर ठिवलंतंस ह्ये. बघितलं तर देवी. म्हनलं, बाई, आता पोराची गाडी तुझ्या हवाली."

त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. ज्या नाण्यासाठी तो माणसांना उन्हात बसवत होता, ते त्यानंच न बघता आईच्या हातावर ठेवलं होतं. आणि तो रोज गाडी काढत होता, तेव्हा ही बाई रोज त्याच्यासाठी ते घासत होती. आईचा त्याला एवढा उमाळा कितीतरी दिवसांत आला नव्हता. तिनं नाणं त्याच्यापुढं केलं आणि पाहिजे असेल तर घेऊन जा म्हणाली, देवी काय तिची एकटीची होती?

वैजनाथनं ते पुसलं, देवघरात जागेवर ठेवलं आणि कुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर गोरोबानं विचारलं, घावली का देवी? घावली म्हणून वैजनाथनं सांगितलं. मग गोरोबानं गाडीत ठेवलेला अल्बम चाळला आणि मधला कप्पा अजून रिकामा कसा, असं विचारलं.

वैजनाथनं गाडीला चावी लावली.

"ती ड्युटीवर हाय."