कोंबडीच्या दोन मात्रा

“जगातली कुठलीही बालकविता शेवटी मात्रांवर उभी असते,” असे जाहीर करून वासुदेवराव फळ्याला टेकले, आणि फळा स्टँडवरून घसरून खाली बसला. वर्गशिक्षिका मुक्ताबाईंनी तो उचलून पुन्हा लावला.

वासुदेवरावांनी तीस वर्षे रेल्वेत तिकिटे तपासली होती. निवृत्तीनंतर ते कविता तपासत. डहाणूच्या बालसंमेलनासाठी घोलवडजवळच्या या शाळेतून एकच कविता न्यायची होती, तीही निर्दोष असेल तर. फळ्यावर पाचवीतल्या रूपीची होती. रूपी पहिल्या बाकावर वेणीचे टोक चावत होती.

झाईवरुनी बस आली
त्यात कोंबडी बसलेली
तिकिट मागतो कंडक्टर
देते अंडे हातावर
चला चला, पुढे सरा!

यमक पसंत पडले. कंडक्टरला ‘हातावर’ भेटणे हा योगच, असे त्यांनी वहीत टिपले. शेवटची ओळ दर कडव्याला परत येते, त्यामुळे बसमध्ये गर्दी वाढत गेल्यासारखी वाटते, म्हणून पुनरावृत्तीलाही गुण पडले. मग त्यांनी बोटांवर मात्रा मोजल्या. चार ओळी चौदा-चौदा. पाचवी बारा. पुन्हा मोजली. बाराच.

“दोन कमी आहेत,” ते म्हणाले. आवाज विनातिकीट प्रवाशाशी बोलायचा.

मुक्ताबाईंनी हळूच सुचवले, की मध्ये एक ‘हो’ टाकला तर भागेल. वासुदेवरावांनी खडू उचलला. तशी रूपी ताडकन उभी राहिली.

“तिथं डबल बेल आहे, सर.”

“कागदावर तर नाही.”

“बेल कशी लिहायची?”

आणि तिने कविता म्हणायलाच घेतली. ‘पुढे सरा’ आले, तशा अख्ख्या वर्गाने बाकांवर पट्ट्या हाणल्या, टण् टण्, आणि पुढचे कडवे गिअर पडल्यासारखे निघाले. दुसऱ्या कडव्यात कोंबडीने कंडक्टरची जागा घेतली, तिसऱ्यात ड्रायव्हरची. चौथ्या वेळी टेबलावर चष्म्याची डबी आपटणारे स्वतः वासुदेवराव होते. डबीचे झाकण उडून खिडकीबाहेर गेले, तिकडे त्यांनी पाहिलेही नाही.

“भरल्या चौदा,” ते धापा टाकत मुक्ताबाईंना म्हणाले. मग वर्गाकडे वळून त्यांनी सांगितले, की न लिहिलेल्या मात्रांची ही कविता रविवारी सगळे डहाणू ऐकेल आणि छंदशास्त्राला नवे प्रकरण जोडावे लागेल. रूपीला ते स्वतः बसने घेऊन जातील.

रूपीने हात वर केला.

“सर, मला खिडकीपाशी बसवा हां. मला गाडी लागते.”