कोपरे शाबूत

माझ्या तरुणपणी पोलादपूर तालुक्याची कबड्डी लीग झाली, तेव्हा आयोजकांनी चिवड्याच्या पाकिटांतून खेळाडूंची कार्डं वाटली होती. मी चढाईपटू. म्हणजे चढाई करायचो. परत येणं दरवेळी जमायचंच असं नाही. कार्डावरच्या फोटोत मात्र समोरचा संघ वीर स्टेशनपर्यंत पळत सुटेल असा आव मी आणला होता.

ते कार्ड मी पैशांच्या पाकिटात घालून मिरवलं, त्यामुळे त्याला मधोमध घडी पडली. यंदा शेजारची सेजल सुट्टीला महाडला आली. ती मुंबईत खेळाडूंची जुनी कार्डं तपासून त्यांना दहापैकी गुण देते, हे कळल्यावर मला राहवेना. नेण्याआधी मी कार्ड रुमालात ठेवून त्यावर इस्त्री फिरवली. घडी गेली. स्वतःच्या हुशारीवर मी भलताच खूश झालो.

सेजल आमच्याच घरी आली. "आमच्या कंपनीचं गुणांचं लेबल नाही मिळणार हं काका, पण बघते." काका! मी पोट आत घेतलं.

तिने कार्ड दिव्याखाली तिरकं धरलं, भिंग लावलं. "छपाई मधोमध नाही. डावीकडे पांढरी पट्टी जाड, उजवीकडे बारीक. कडा ठीक. कोपरे बरे." मग भिंग मध्यावर आणलं. "सरफेस, म्हणजे वरची चमक, इथे गेलीय. दाबलंय का?"

"छे! पुस्तकांच्या वजनाखाली होतं."

माझी बायको अनुपमा चहा घेऊन येत होती. "इस्त्री फिरवलीय यांनी. माझ्या साडीसाठी तापत ठेवलेली."

सेजलने भिंग खाली ठेवलं. "मग गुण नाही देता येत. मूळ कार्डात फेरफार धरतात."

"आणि घडी तशीच ठेवली असती तर?"

"चार दिले असते."

म्हणजे मी मेहनत करून चाराचा शून्य केला होता.

दुसऱ्या दिवशी पोलादपूर गाठलं. तेव्हा चिवडा विकणाऱ्या तुळजाबाई अजून स्टँडजवळ दुकानात बसतात. कार्ड उरलंय का विचारल्यावर त्यांनी बिस्किटांचा डबा काढला. आत गठ्ठाच होता. वरपासून खालपर्यंत मीच.

"तुजी लय उरली रे सूरज. त्यो भारी खेळणारा चांगू, त्याचा एकबी नाय. पोरां पाकीट फोडायची, तुजा निघाला का हितंच टाकून जायची."

"सगळी घेऊन जाऊ?"

"ने की. फ्रीजच्या पायाखाली हाय, त्यो तेवडा नको काढू. फ्रीज हलतो."

परत येताना एसटीत मी गठ्ठा मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या माणसाने विचारलं, "निवडणुकीला उभे आहात का?"

सेजलने त्यातलं एक तपासलं आणि तिचा चेहराच उजळला. "साडेनऊ! कोपरे टोकदार, एक ओरखडा नाही. इतकं स्वच्छ कार्ड क्वचित बघायला मिळतं, काका. कुणाचा हातच लागलेला नाही."

ती कौतुकच करत होती बिचारी. मीही हसलो.

"चांगूचं बघितलंयस कधी?" मी विचारलं.

"आमच्या दादाकडे आहे ना. शाळेत दप्तरात, खिशात, उशीखाली. कोपरे पार गोल झालेत. दीड मिळाला तर मिळाला."

त्या क्षणी तो दीड मला मिळाला असता, तर साडेनऊ मी वर रिक्षाभाड्यासकट देऊन टाकले असते. पण तसं बोलायचं कुणाजवळ? साडेनऊवालं कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलं, बाकीची टेबलावर पसरली आणि प्रत्येकाच्या कडा बघत बसलो. सगळ्यांवर मी, सगळ्यांवर तोच आव.

अनुपमा भाकऱ्या थापता थापता बाहेर आली. एक कार्ड उचललं, बराच वेळ बघितलं.

"केस होते की तुम्हाला," ती म्हणाली.

आणि ते तिने आत नेऊन मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवलं. फोटोच्या गालावर तिच्या अंगठ्याचं पीठ लागलं होतं. माझ्या तोंडात 'अगं, सरफेस!' आलं होतं. गिळलं, आणि ताट वाढून घेतलं.