रडका बुवा म्हणतात ती मी

मी गाण्यांची तबकडी बोलतेय. काळी, गोल, मोठ्या ताटाएवढी. पण थांबा, आधी सांगा, तुम्हाला माझ्याकडं कुणी पाठवलं? विकत घ्यायला आला नाहीत ना? राग मानू नका. माझा स्वभावच संशयी झालाय. जिला घरात आल्यापासून भलत्याच नावानं हाक मारली, ती दुसरं काय करणार?

या घरची माणसं मला ‘रडका बुवा’ म्हणत. मी बुवा नाही आणि रडकी तर मुळीच नाही.

सायकलदुरुस्तीच्या दुकानामागं एक खोली होती. तिथं तीन मुलं आणि एक मुलगी गाणं-बजावणं करायला जमायची. आपल्या मंडळींचं नाव त्यांनी ठेवलं होतं ‘ओली काडेपेटी’. गाणी आखूड आणि चिडकी. ऐकणारा सावरून बसेपर्यंत संपायची. असल्या गाण्यांना पंक म्हणतात म्हणे. मुलगी गायची, म्हणजे ओरडायचीच, पण त्या ओरडण्यात खोट नव्हती. घरमालकावर ओरडायची, न थांबणाऱ्या बसवर ओरडायची आणि ‘पोरीच्या जातीनं जरा हळू बोलावं’ म्हणणाऱ्या सगळ्यांवर ओरडायची. तो आवाज माझ्या अंगावर कोरला गेला. देवानं जेवढं दिलं, तेवढं मला पुष्कळ होतं.

चूक झाली ती पुढं. आम्हा तबकड्यांची रीत अशी, की लहान तबकडी भरभर फिरवायची, मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या वेगानं. मोठी सावकाश, तेहतीसच्या. मी अंगानं मोठी आणि चालीनं भरभर. म्हणजे मधल्या गोल कागदावर वेग छापायलाच हवा होता. या मंडळींनी छापलं काय, तर विझलेल्या काडीचं चित्र!

“अरे, वेग घालायचा राहिला,” ड्रमवाला म्हणाला.

“ऐकणाऱ्याला कळेल की! कान असतात लोकांना,” गिटारवाला म्हणाला.

नाही कळलं.

मी त्या मुलीच्या पलंगाखाली राहत होते. मग ते घर एकाएकी गप्प झालं. औषधांचा वास येऊ लागला, गिटारवाले येईनासे झाले. पुष्कळ दिवसांनी कुणीतरी मला टॉवेलात गुंडाळलं, कुठं तरी नेलं आणि एका फळीवर दुसऱ्या तबकड्यांत हळूच सरकवलं. हात कुणाचा, ते दिसलं नाही. मी ठरवूनच टाकलं, आपली चोरी झाली. आणि चोर कोण? ज्याची फळी, तो.

त्याचं चष्म्यांचं दुकान. सगळे त्याला चष्मेवालाच म्हणतात. जे कुणी ऐकलेलं नाही, तेच ऐकायचं, असा त्याचा हट्ट. घरात फळ्याच फळ्या, आणि त्यांवर कुणाला ठाऊक नसलेल्या मंडळींच्या तबकड्या. मी पहिल्यांदा त्याच्या हाती लागले तेव्हा म्हणाला, “ही कधी आणली मी?” आणि लगेच, “हां, आणली असेन.” संग्रह करणारा माणूस आपण विसरलो असं कधी म्हणायचा नाही.

मी मोठी, म्हणून त्यानं मला सरळ तेहतीसवर लावलं. झालं! मुलीचा आवाज घसरत घसरत पुरुषाचा झाला. ओल्या गादीखालून कुणी विव्हळावं तसा.

“फार सोसलंय बिचाऱ्यानं,” असं तो आल्यागेल्याला सांगायचा. पुढं कंटाळला आणि मी रडका बुवा झाले.

संशय मात्र मला सगळ्यात जास्त त्याच्या बायकोचा यायचा. बाई शांत, हळू बोलणारी, देवाला दिवा लावल्याशिवाय पाणी न पिणारी. ती फळ्या पुसायची. सगळ्यांवरून फडकं फिरायचं आणि माझ्यापाशी आलं की थबकायचं. मला वाजवलं की ती उठायची. “गॅस बंद केला का बघते,” म्हणायची. गॅस आधीच बंद असायचा. मला वाटायचं, हिच्या डोळ्यांत मी खुपतेय. एक दिवस ही मला भंगारात घालणार.

आणि तो दिवस आलाच, असं वाटलं. लेक लांब राहत होती, ती सामान बांधायला आली. हे दोघं लहान घरात राहायला जायचे होते. तिथं एकच फळी मावणार. म्हणून चष्मेवाला एकेक तबकडी काढून पुन्हा ऐकायला बसला. आवडली तर डावीकडं, आपल्याबरोबर. नाही तर उजवीकडं. रविवारी जुन्या तबकड्यांचा दुकानदार येऊन घेऊन जाणार. काही ऐकताना त्याचे डोळे भरून यायचे. काही ऐकताना तो डोकं खाजवायचा, “हे मला का बरं आवडायचं?”

माझी पाळी आली. अर्धं गाणं होतंय न होतंय तोच त्यानं सुई उचलली. “पुरे झालं रडणं.” उजवीकडं!

सकाळी पाहते तर मी डावीकडं. त्यानं पुन्हा उजवीकडं टाकलं. दुपारी पुन्हा डावीकडं. ज्या हातानं मला उचललं, त्याला साबणाचा वास होता. बायकोच! जिला मी नकोशी, ती मला ठेवून का घेतेय? नक्कीच काही डाव असणार, असं माझ्या मनानं घेतलं. शेवटी लेकीनंच तिला पकडलं.

“आई, काय चाललंय तुझं?”

“धूळ पुसतेय.”

“धूळ पुसताना तबकडी या गठ्ठ्यातून त्या गठ्ठ्यात जाते?”

चष्मेवाला आतून धावत आला. “म्हणजे ही तू होतीस! मला वाटलं, मला विसर पडायला लागला. डॉक्टरकडं जाणार होतो मी!”

“अहो, राहू द्या ना ती एक.”

“तुला तर तिचा वीट आहे. लावली की उठून जातेस.”

“जाते.”

“मग?”

लेकीनं डोळे बारीक केले. “बाबा, मला काही हे ठीक दिसत नाही. हा रडका बुवा आईच्या ओळखीतला असणार.”

“ओळखीतला म्हणजे?”

“लग्नाआधीच्या.”

चष्मेवाल्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “अगं, खरं सांग. हा बुवा तुझा कोण लागतो?”

“फार जवळचा,” ती म्हणाली.

तो मटकन खोक्यावर बसला. “आणि इतकी वर्षं मी त्याला माझ्याच घरात, माझ्याच सुईनं वाजवतोय!”

त्यावर ती हसली. मोकळं, खळखळून. ते हसू ऐकून मी चमकले. माझ्या दोन गाण्यांच्या मध्ये असंच एक हसू आहे. पण छे, कसं शक्य आहे?

तिनं हात पुसले, मला उचललं, प्लेअरवर ठेवलं आणि खटका पंचेचाळीसवर सरकवला.

“अगं अगं, मोठी तबकडी आहे ती!”

“असू दे.”

सुई टेकली आणि मी वाजले. देवाशपथ सांगते, त्या घरात पहिल्यांदा मी वाजले. गिटार ठिणग्यांसारखी उडाली आणि मुलीनं घरमालकाला असं काही फैलावर घेतलं, की खिडकीच्या काचा थरथरल्या.

“ही तर मुलगी आहे!” चष्मेवाला म्हणाला.

“मुलगीच होती.”

लेक गाण्याकडं नाही, आईच्या गळ्याकडं बघत होती. ओठ घट्ट मिटलेले होते, पण गळा प्रत्येक शब्दाला हलत होता. “आई... तू?”

गाणं संपलं, तेव्हा ती बोलली. “माझी आई अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी हात टेकले. मी देवापुढं बोलले, ती उठून बसली तर मी पुन्हा गाणार नाही. ती उठली. पुढं हिचे फ्रॉक शिवले तिनं. माझं सुटलेलं गाणं तिला ऐकवत नव्हतं, म्हणून लग्न होऊन इथं येताना तबकडी घेऊन आले आणि तुमच्या तबकड्यांत ठेवून दिली.”

म्हणजे चोरी झालीच नव्हती! मी उगाच त्या भल्या माणसाला चोर ठरवलं होतं.

“वेग चुकतोय हे तुला ठाऊक होतं?” त्यानं विचारलं.

“होतं. बरंच झालं ते. आवाज घरात राहिला आणि तो माझा आहे, हे कुणाला कळलंही नाही.”

“पण आता तर सासूबाई नाहीत. देव काय विचारायला येणार आहे?”

“नाही येणार. म्हणून तर पाळायचं.”

“निदान मला तरी सांगायचंस.”

“तुम्ही म्हणाला असता, एकच ओळ गा. आणि मी गायले असते.”

त्याचं तोंड उघडलं होतं. काय म्हणणार होता, ते आम्हा सगळ्यांना कळलं. त्यानं ते मिटलं. एवढंच म्हणाला, “रडका बुवा म्हणायचो मी तुला.”

“त्या बुवाला,” ती म्हणाली. “मला नाही.”

रविवारी दुकानदार आला. मला बघताच त्याचे हात पुढं आले. “अहो, ही तर ओली काडेपेटी! कुठं मिळत नाही. ही द्याच.”

“ती नाही देता येणार. आमच्या हिची आहे.”

“म्हणजे तुमची नाही?”

“नाही. माझ्याकडं नुसती ठेवायला दिली होती.”

आता मी नव्या घरात आहे, तिसऱ्या मजल्यावर. चष्मेवाला दुकानात गेला की ती दार लावून घेते, पडदे ओढते आणि मला लावते. सवयीनं मला पुन्हा संशय आला, दार कशाला लावते? गाते की काय? शब्द मोडते की काय? मी कान देऊन राहिले. गळ्यातून चकार शब्द नाही. पण सुई मात्र उडायला लागली. आधी वाटलं, सुईत दोष आहे. मग वाटलं, फळी डगमगतेय. मग जमिनीतून आलं, धप्, धप्, धप्.

गाणार नाही, असं ती देवाला बोलली होती. पायांचा विषय निघाला नव्हता.

कधी कधी चष्मेवाला मध्येच घरी येतो, किल्ली हातात धरून जिन्यातच उभा राहतो आणि शेवटचं गाणं संपलं की मग कुलूप उघडतो.

तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या मंडळींनो, तुम्हालाच माझी एक विनवणी आहे. छत हलतंय म्हणून तक्रार घेऊन वर येऊ नका. आमची गाणी आखूड आहेत. सावरून बसेपर्यंत संपतील. तेवढं तिला नाचू द्या.