थंड इंजिनाचे सहा सेकंद

खर्र-खट-खट-खट. मग गप्प.

रेडिओचं बटण, झिजून गुळगुळीत झालेलं.

टेकडीवरून खाली सात वळणं.

चकाचक पुसलेलं बॉनेट, जणू गाडी लग्नालाच निघालीय.

"आता बोला मेहुणे! कुठाय आवाज?"

हे दाजी, ताईचा नवरा. गाडी घेऊन ते तिसऱ्यांदा गॅरेजमध्ये आले होते, आणि तिसऱ्यांदाही इंजिन अगदी शहाण्या मुलासारखं गुणगुणत होतं. ताईचा धाकटा भाऊ हाच गॅरेजचा मिस्त्री; त्याने कपाळावर हात मारला. हाताचं ग्रीस कपाळाला लागलं.

"ताई म्हणते, सकाळी वाजतं."

"तुझ्या ताईला बंद फ्रीजसुद्धा वाजताना ऐकू येतो."

"घरून निघताना काय केलंत?"

"काय म्हणजे? वीस मिनिटं गरम केली. तुझ्या दारात आणायची तर नीटनेटकी नको आणायला?"

मिस्त्रीने हातातला पाना टेबलावर आपटला. "दाजी, डॉक्टरकडे तुम्ही ताप उतरवून जाता का? तीन खेपा! तीन! हा आवाज फक्त थंड इंजिनात येतो. किल्ली ठेवा इथे. गाडी उद्या सकाळी बघतो."

"आणि मी घरी कसा जाऊ?"

"चालत. तुमचंही इंजिन जरा गरम होईल."

दाजी फुरंगटून गेले.

सकाळी ताई-दाजी दोघंही आली. ताई ड्यूटीच्या कपड्यांत होती. तिचं हॉस्पिटल टेकडीपलीकडे, म्हणजे सात वळणं रोज दोनदा. मिस्त्रीने लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनातल्या टायमिंग साखळीच्या झाकणावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली.

"ताई, मार चावी."

खर्र-खट-खट-खट. सहा सेकंद. मग गप्प.

मिस्त्रीने ऑइल मोजायची काडी बाहेर ओढली. तिच्यावर डांबर असावं तसा काळा चिकट थर होता.

"दाजी, यात काय ओतलंत?"

"जाड ऑइल," दाजी चाचरले. "दुकानदार म्हणाला, जाड घातलं की इंजिन गप्प बसतं."

"बसलंच असतं की! कायमचं! अहो, साखळी ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर उभा असतो. इंजिन थंड असताना हा चिखल तिथवर पोचेपर्यंत साखळी सैल पडून फटके मारते. चाकावरून चार दात घसरली की इंजिन जागीच खलास. उतारावर. आणि आत कोण बसलंय?"

दाजींनी आत बसलेल्या ताईकडे पाहिलं. ताईने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

झाकण उघडलं तेव्हा साखळी लांबलेली होती आणि तिला धरणाऱ्या पट्टीला उभी चीर गेली होती. मिस्त्रीने साखळी, पट्टी आणि टेन्शनर, तिन्ही वस्तू नव्या बसवल्या, गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं पातळ ऑइल भरलं, आणि ते पुन्हा बदलायची तारीख चिकटपट्टीवर लिहून स्टिअरिंगजवळ डकवली. दाजींनी सवयीने हात पुढे केला. किल्ली मिस्त्रीने ताईच्या हातात दिली.

मार्चमध्ये ताईने हा आवाज पहिल्यांदा ऐकला, तेव्हा दाजींनी रेडिओ मोठा केला होता.