माझी मुकी काळी तीन

मला पेटी म्हणा, हार्मोनियम म्हणा. पण मित्रांनो, जुनं खोकं तेवढं म्हणू नका! माझा जन्म जुन्या जालन्यातल्या एका गल्लीत झाला. सागवानी अंग, पितळी सूर आणि कातडी भाता. कारागिरानं पहिल्यांदा हवा भरली, तेव्हा शेजारचे कापडवाले गिऱ्हाईक सोडून मला बघायला आले होते.

तिथून एसटीच्या टपावर बसून मी भोकरदनला आले, तातेरावांच्या घरी. तातेराव शेतात राबायचे आणि बाबासाहेबांच्या जयंतीला गाणी म्हणायचे. त्यांचा सा म्हणजे माझी पांढरी एक, सप्तकातली पहिली पांढरी पट्टी. तिथून सुरुवात केली की सगळे शुद्ध सूर पांढऱ्या पट्ट्यांवरच सापडतात. त्यामुळे माझ्या काळ्या पट्ट्यांना वर्षानुवर्षं कुणी बोट लावलं नाही. "काळ्यांच्या भानगडीत पडायचंच न्हाई," असं तातेराव म्हणायचे. मला असा राग यायचा! पण माझं ऐकतो कोण?

पुढं त्यांची लेक सत्यशीला मोठी झाली आणि माझा भाता तिच्या हाती आला. तेव्हा जिकडेतिकडे ऑर्केस्ट्राचं वेड होतं. शाळेतल्या शरदचंद्र गुरुजींकडे तर चक्क ॲकॉर्डियन होतं. ते तिला म्हणाले, "सा, ग आणि प एकदम दाब. याला कॉर्ड म्हणतात." घरी येऊन तिनं पांढरी एक दाबली, पुढची सोडून तिसरी दाबली, परत एक सोडून पाचवी दाबली. काय सांगू मित्रांनो! तीन सूर एकदम माझ्या पोटातून निघाले आणि माझं अंग अंग शहारलं. आजवर मी एकेका सुरानं गात होते, आता माझ्यातच कोरस होता! सत्यशीलानं मात्र सा-ग-प विसरून 'एक सोडून एक' एवढंच पक्कं धरलं.

अठ्ठ्याहत्तर सालची जयंती उजाडली. पताका बांधताना पोरांना हाका मारमारून तातेरावांचा घसा बसलेला. संध्याकाळी गाणं आणि गळ्यातून नुसती हवा! त्यांनी बहिणीकडे पाहिलं. केशरबाईंचा आवाज खणखणीत, पण तो खुरपणीतच ऐकू यायचा. माईकपुढं बाईमाणूस आमच्या गाण्याच्या पार्टीत कधी बसलं नव्हतं.

"केशर, आज तू म्हण," तातेराव घोगऱ्या आवाजात म्हणाले.

केशरबाईंचे डोळे लकाकले. पण पांढरी एकमध्ये त्यांचे खालचे सूर निघेनात. "जरा वर चढव गं पोरी," त्या म्हणाल्या. सत्यशीलानं पांढरी दोनला सा धरला आणि तिथून एक सोडून एक अशा तीन पांढऱ्या पट्ट्या दाबल्या. अगं आई गं! माझ्या पोटातून रडका सूर निघाला. ढोलकीवाल्या कडूबाचा हातच थांबला.

"अगं, जयंतीचं गाणं हाय का मैतीचं?" केशरबाई म्हणाल्या.

"ऱ्हाऊ द्या मंग," तातेराव म्हणाले. "यंदा गाणंच नको."

केशरबाईंचा चेहरा खाडकन उतरला. त्या गुपचूप उठून चुलीकडे निघाल्या.

"आत्या, थांब जरा!" सत्यशीला ओरडली. तिनं डोळे मिटले आणि पांढरी दोनपासून एकेक पांढरी पट्टी दाबत स्वतःच सरगम गाऊ लागली. सा बराबर, रे बराबर. ग गायली आणि डोळे उघडले, तर गळा वर आणि बोट खाली! "माझा ग हितं न्हाईच. ह्या काळीवर हाय!"

तिनं काळी तीन दाबली. फुस्स! नुसती हवा. लाजेनं मला माझ्याच भात्यात तोंड लपवावंसं वाटलं. पण पोरगी मोठी जिद्दीची! तिनं माझं झाकण उघडलं, कोंबडीच्या पिसानं जाळं काढलं, फुंकर मारली आणि पुन्हा पट्टी दाबली. माझी मुकी काळी तीन ठणठणीत बोलली!

"कडूबा, इकडं बघ," सत्यशीला नाचायचीच बाकी होती. "काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरायच्या. सा-रेमधी एक पट्टी सुटती, रे-गमधी एक सुटती, ग-म खेटून. मंग म-प, प-ध, ध-नीमधी एकेक सुटती आणि शेवटी नी-सा खेटून. कुठूनबी सुरू कर, हेच!" तिनं सा-ग-प दाबलं. रडका सूर गेला आणि अंगण हसलं. मग म-ध-सा. मग प-नी-रे, त्यातल्या नीसाठी काळी एक. तीही जरा घोगरली, पण बोलली.

संध्याकाळी केशरबाई माईकपुढं बसल्या. पहिली ओळ अशी कडाडली की मागची माणसं उठून पुढं आली. कडूबा घामाघूम झाला, मी भात्यानिशी डोलत होते आणि सत्यशीलाच्या बोटांखाली काळ्या-पांढऱ्या पट्ट्या एकदम गात होत्या. गाणं संपलं तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या तातेरावांच्या होत्या.

"पुढच्या साली बी तूच म्हणायचं," ते बहिणीला म्हणाले.

"अन् तुझा घसा बरा झाला तरी?"

"तरी बी."

मित्रांनो, आता माझा भाता उसवलाय, पण मला आठवतंय सगळं. तुमच्या घरी पेटी असेल तर ती नुसती झाकून ठेवू नका. रोज प्रत्येक पट्टीवरून बोट फिरवा, काळीवरूनसुद्धा. आणि घरात कुणी कामात गुणगुणत असेल, तर एकदा त्यांचा सा विचारा.