न उसवलेली दुमड

या, जरा जवळ सरका. गोष्ट लहानशीच आहे, पण लांब बसून ऐकण्यासारखी नाही.

शिंपीणबाई पोरांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवायची. झग्याच्या घेराला आतून दुमड ठेवायची. पोर वाढलं की टाके उसवून झगा लांब करायचा. एका दुपारी, वाटेची माती पाय भाजत असताना, शेजारीण आपल्या पुतणीला घेऊन दारात आली. पोरीची आई गेलेली, बाप लांब खाणीवर कामाला.

"हुक तुटलाय, तेवढा लावा. बाकी झगा बघा, दोन वर्षं झाली तरी नव्यासारखा! फार शहाणी हो आमची. मागत नाही, रडत नाही."

शिंपीणबाईनं घेर उलटून पाहिला. दुमड होती तशीच, आणि झगा पहिल्या दिवशी होता तितकाच गुडघ्याखाली.

"अगं, ही वाढलीच नाही!"

"हाडच बारीक तिचं."

"जेवते कधी?"

"आमचं सगळ्यांचं उरकलं की."

"आणि उरलं नाही तर?"

"सांगितलं ना, शहाणी आहे."

शिंपीणबाई तडक मास्तरांकडे गेली. मास्तर म्हणाले, "मारतात का? नाही ना? मग तक्रार कसली?" वाटेत लोहार भेटला. "दुसऱ्याच्या चुलीत कशाला डोकावता, बाई?" त्याच्या स्वतःच्या पोराला भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे सदरे लागायचे. आत काय झाकलेलं असतं, हे माप घेणारीला ठाऊक होतं.

तिचं डोकं भणाणलं. "देवा, पोराच्या रूपानं तूच दारात उभा राहतोस, आणि आम्ही तुला शहाणा म्हणून उपाशी ठेवतो!"

दुसऱ्या दिवशी ती चुलतीला म्हणाली, "पोरीला नवा झगा फुकट शिवते. पण माप रोज घ्यावं लागेल."

"रोज?"

"नवी तऱ्हा आहे."

फुकट म्हटल्यावर चुलतीनं पुढं काही विचारलं नाही.

मग रोज दुपारी गळ्यात मापाची पट्टी आणि पुढ्यात गरम ताट. पोर मान खाली घालून जेवायची, ताट चाटूनपुसून ठेवायची आणि निघून जायची. एके दिवशी मात्र उठलीच नाही. हळूच म्हणाली, "अजून आहे?"

शिंपीणबाईनं डाव भरून पुन्हा ताटात वाढलं.

संध्याकाळी चुलती तणतणत आली. "बिघडवलीत माझी पोर! चुलत्यादेखत ताट पुढं करून 'अजून' म्हणाली!"

"मग?"

"मग काय, वाढावं लागलं!"

दुमड अजून उसवलेली नाही, बरं का. पण कुणी कौतुकानं सांगू लागलं की आमचं पोर फार शहाणं, काही मागत नाही, तर या पोरीला आठवा. आणि त्या पूर्ण बाह्यांच्या पोरालाही आठवा. त्याच्यासाठी अजून कुणाला काही सुचलेलं नाही.