लायब्ररीची प्रत

सुप्रभाला जाऊन सात आठवडे झाले होते. लंडनजवळच्या हॅरोच्या चर्च हॉलमध्ये ती ज्यात व्हायोलिन वाजवायची त्या ग्रुपने तिच्या आठवणीत कॉन्सर्ट ठेवली होती आणि तालमीला तिच्या नवऱ्याला, चंद्रशेखरला, मुद्दाम बोलावलं होतं. जयंत व्हायोलिन खांद्याला लावून समजावत होता. हा माणूस वाजवायचा कमी, समजावायचा जास्त.

"काका, व्हायोलिनच्या या रचनेत, या सोनाटात, इटलीचं गाणं आणि फ्रान्सचा नाच एकत्र नांदतात."

"म्हणजे भेळ."

पियानोसारख्या हार्प्सिकॉर्डपाशी बसलेली नीना हसली. जयंत हसला नाही.

"फ्रेंच माणूस नक्षी स्वतः लिहून देतो. इटालियन संथ भागात नुसते उघडे सूर लिहितो, नक्षी वाजवणाऱ्याने भरायची. सुप्रभाकाकूंनी त्यांची नक्षी पेन्सिलने लिहिली होती. मी तीच वाजवणार. आणलंत ना त्यांचं नोटेशनचं पुस्तक?"

"लायब्ररीला परत केलं."

"मग उद्या मी काढून आणतो."

"खोडून परत केलं. पेन्सिलच्या खुणा खोडूनच द्या, असं त्यावर छापलंय."

चंद्रशेखरने अख्खा रविवार रबर घेऊन घालवला होता. एक रेघ ठेवली नव्हती.

"काका, सगळं?" नीनाने विचारलं.

"सगळं. लोकांची वस्तू आम्ही घाण करून देत नाही."

तिच्या खुणांची कॉपी कुणाकडेच नव्हती. जयंतने मोठा उसासा सोडला. "मग मीच माझी नक्षी भरतो," म्हणत त्याने सूर असे घोळवले, नाचवले, की चंद्रशेखरला सर्कशीतलं माकड आठवलं. तीन महिने स्वयंपाकघरात उभं राहून त्याने तिच्या सरावात हाच तुकडा ऐकला होता. 'अगं, पुढे जा की आता,' म्हणून वैतागला होता.

"थांब रे! ती इतकी फडफडायची नाही. वर चढायची आणि तिथेच थांबायची."

"किती वेळ?"

त्याने घसा खाकरून बेसूर गुणगुणून दाखवलं. जयंतने वाजवलं.

"चूक."

पुन्हा वाजवलं.

"चूक. कान आहेत ना तुला? लोकांना इतकं शिकवतोस!"

चौथ्या वेळी नीनाने मान डोलावली. चंद्रशेखर पुढच्या ओळी गुणगुणत गेला. जयंत निमूटपणे मागोमाग वाजवत होता. एका जागी चंद्रशेखर अडला.

"पुढे, काका?"

"पुढचं मला येत नाही. इथे मी तिला जेवायला हाक मारायचो."

जयंतने व्हायोलिन खाली घेतलं.

"बघतोस काय? इथून पुढे छापलंय तेवढंच वाजव. उगाच आपलं काही भरू नकोस."